‘घर सांभाळलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

ताई, नमस्कार.

मी मूळची औसा तालुक्यातली, वीस वर्षांपासून पिंपरीत. वय बेचाळीस. गेल्या कार्तिकात आमचे आप्पा गेले. आता वर्षश्राद्ध आलंय. दादा लातूरला असतो. त्यानं गावात कीर्तन ठेवलंय आणि एक छोटी स्मरणिका काढायची ठरवलीय. ‘तुझं मराठी चांगलंय, आप्पांवर दोन पानं तूच लिही,’ म्हणाला. आठ दिवस झाले कागद पुढ्यात घेऊन बसते. एवढंच झालंय :

‘जन्म १ जून १९५०. शिक्षण सातवी. अकरा एकर कोरडवाहू शेती. भूकंपानंतर माळवद काढून पत्रे टाकले. दोन्ही लेकरांची शिक्षणं, लग्नं केली. अत्यंत कुटुंबवत्सल स्वभाव.’

पुढं काय लिहू? आप्पा कधी सरपंच झाले नाहीत, सोसायटीवर गेले नाहीत. बाहेर कुठं बसणं नाही, तंबाखू नाही. घर ते शेत, शेत ते घर. जो येतो तो ‘लई कुटुंबवत्सल माणूस होता’ म्हणतो आणि चहा पिऊन जातो. मलाही त्याच्यापुढं सुचत नाही. दादा म्हणतो, ‘सामाजिक कार्याची आवड होती’ असं टाकू.

आणखी एक आहे, ते लिहावं का नाही तेच कळेना. दादा अकरावी-बारावीला लातूरला रूम करून राहिला. रोज पहाटे आई नि मी भाकरी करायचो, आप्पा डबा घेऊन दोन किलोमीटर चालत फाट्यावर जायचे आणि लातूरच्या एसटीत द्यायचे. दोन वर्षांत एकदा चुकले नाहीत. मी तेव्हा सातवी-आठवीत. पुढं मला दहावीला दादापेक्षा जास्त मार्क पडले. आप्पा म्हणाले, ‘पोरीला रूमवर कसं ठेवावं?’ मी औशाला एसटीनं जाऊन-येऊन बी.ए. केलं. माझ्यासाठी डबा कुठंच गेला नाही. आणि याच आप्पांनी दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीच्या बारावीला तीन महिने पिंपरीत राहून तिला रोज क्लासला पोचवलं, आणलं. हे लिहायचं म्हटलं तर दादा म्हणतो, ‘गेलेल्या माणसाचं कशाला काढतीस?’

तो डबा अजून आईच्या मांडणीवर आहे. झाकणावर दादाचं नाव खिळ्यानं टोचलेलं.

– एक लेक, पिंपरी

*

ताई,

तुमची सहा वाक्यं वाचली. त्यातल्या एकापाशी थांबले आणि पत्र बाजूला ठेवून पाणी पिऊन आले. ‘भूकंपानंतर माळवद काढून पत्रे टाकले.’ दारं-खिडक्या रंगवून घेतल्यासारखं लिहून गेलात की हो! औशाकडच्या लेकीनं?

तुमच्या लेकीला माळवद माहीत नसणार, तिच्या लेकरांना तर नाहीच. म्हणून तिथनंच सुरुवात करा. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या आणि त्याच्यावर मातीचा थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरसाल वर आणखी माती पडायची. जुनी कुणी काढायचं नाही. पणज्यानं टाकलेली मातीही तिथंच, बापानं टाकलेलीही तिथंच. उन्हाळ्यात घर गार राहायचं, म्हणून सगळ्यांना त्या मातीचं कौतुक. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणपती बुडवून माणसं नुकती कुठं आडवी झाली होती, तेव्हा तीच माती आणि तेच दगड अंगावर आले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली. झोपेतच गेली बहुतेक.

तुमचं घर उभं राहिलं. आप्पा त्रेचाळीस वर्षांचे होते, तुम्ही पाचवीत, दादा नववीत. आता आकडे मांडू, कारण अशा कामाचं आकड्यांशिवाय काही खरं वाटत नाही. खोली दहा बाय पंधराची धरा, मातीचा थर दीड फुटाचा. सव्वादोनशे घनफूट माती झाली. वजनात नऊ-दहा टन. टोपल्यात वीस किलो धरली तर पाचशेच्या वर नाही पण पाचशेला टेकतील इतकी टोपली. एका खोलीची. तुमच्या किती खोल्या होत्या? भेगाळलेल्या भिंतींवर चढून, खालनं अधूनमधून हादरे चालू असताना, ही माती कुणी काढली? मजूर कुठनं मिळणार त्या दिवसांत? ज्याला-त्याला आपापलं निस्तरायचं होतं. आप्पा वर आणि आई खाली टोपलं झेलायला, असं असेल का? का दादालाही शाळा बुडवून चढवलं होतं? माती कुठं नेऊन टाकली? पत्र्याला पैसे कुठनं आले? दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्याला होती. ती आत झाली का बाहेर? आणि काम संपल्यावर पहिल्या रात्री त्या पत्र्याखाली कोण झोपलं, आधी आप्पा एकटे झोपून बघितले का सगळे एकदम?

ह्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी तुमचं पहिलं पान भरलं. दहा टन माती बायकोलेकरांच्या डोक्यावरनं उतरवणारा माणूस ‘बाहेर कुठं बसत नव्हता’ म्हणून तुम्हाला त्याच्यावर लिहायला काही सापडेना!

आता तो शब्द. कुटुंबवत्सल. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरात प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल हे चौघे आधीच टाईप करून ठेवलेले असतात, वर फोटो तेवढा बदलायचा. (फोटोवरनं आठवलं : आप्पांच्या अंगावर कोट चढवू देऊ नका. आधार कार्डावरचा घाबरलेला फोटो मोठा करून त्याखाली निळा कोट नि टाय लावलेले कितीतरी शेतकरी मी चौकात बघितलेत. घरच्यांनाही ओळखू येत नाहीत.) शब्द वाईट नाही, पण त्यात स्वभाव सांगितलाय, काम नाही. माणूस स्वभावानं प्रेमळ असून आयुष्यभर पारावर बसलेला असू शकतो. आमच्या गल्लीत होते तसे एक. लेकरांवर अतोनात प्रेम आणि घरात पीठ नाही. तुमच्या आप्पांचं उलट दिसतंय. बोलून दाखवलं नसेल कधी, पण पहाटे डबा घेऊन चालत सुटायचे. तेव्हा तो शब्द खोडा आणि त्याच्याजागी ते काय-काय करायचे ते लिहा. वेळ, अंतर, वजन, पैसे. दादाची ‘सामाजिक कार्याची आवड’ही खोडा. गावातले लोक वाचणार आहेत, हसतील.

दुसरी एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवर एक बाप फिरतो. त्याचं बनियन फाटकं असतं, चप्पल झिजलेली असते, तो सणाला स्वतःला कपडे घेत नाही आणि लेकराला घेतो. तो बाप खोटा नाही, पण तो सगळ्यांचाच आहे. तुमच्या पानात तो शिरला की आप्पा बाहेर गेले.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, हात पोळलाय म्हणून सांगते. माझे वडील अंबाजोगाईत कापडाच्या दुकानात नोकरीला होते. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या गादीवर बसून गज फिरवला. ते गेले तेव्हा मी तुमच्यासारखीच ‘मराठी चांगलं’ म्हणून लेख लिहिला. आभाळाएवढा आधार, वटवृक्षाची सावली, आम्हाला काही कमी पडू दिलं नाही, सगळं आलं त्यात. छापून आल्यावर आईला वाचून दाखवला. ती वाती वळत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, ‘चांगलं लिहिलंस माय. कुणाचं हे?’

मला वाटलं तिचं कान देऊन ऐकणं झालं नसेल. नंतर कळलं, बरोबर विचारलं होतं तिनं. त्या लेखात आमचे बापू कुठं नव्हतेच. बापू दुसरी भाकरी मागायच्या आधी मान तिरकी करून दुरडीत बघायचे. हळूच, कुणाला दिसू नये असं. दुरडीत तीन दिसल्या तर एक मागायचे. दोन असल्या तर ‘आज दुकानात चहा-बिस्कीट झालंय’ म्हणून हात धुवायचे. आम्हाला ते बघणं दिसायचं आणि आम्ही भावंडं त्यावरनं हसायचोसुद्धा. लेखात ते आलं नाही, कारण ते मला लेखात घालण्याजोगं वाटलं नव्हतं. आईला त्याच मानेवरनं नवरा ओळखू आला असता.

आई आहेत ना तुमच्या? मग पिंपरीत बसून कागदाकडं बघत बसू नका. रविवार धरून दोन दिवस गावाकडं जा. आणि गेल्यावर ‘आप्पा कसे होते गं’ असं विचारू नका. देवमाणूस होते म्हणतील, डोळ्याला पदर लावतील, संपलं. दाणे निवडताना, शेंगा फोडताना शेजारी बसा. हाताला काम असलं की बायका खरं बोलतात. मोबाईल रेकॉर्डिंगला लावायचा असेल तर सांगून लावा, पण तोंडासमोर धरू नका. आणि बारीक विचारा. आप्पांना भाकरीबरोबर काय लागायचं? राग आला की काय करायचे, बोलायचे का गप्प बसायचे? तुमचं त्यांच्याशी सगळ्यात मोठं भांडण कशावरनं झालं? पहिली साडी कव्हा आणली, आणि ती आवडली होती का?

साल विचारू नका. आपल्याकडच्या त्या पिढीला साल सांगता येत नाही, पण काळ बिनचूक सांगता येतो. १ जून ही आप्पांची जन्मतारीख तेवढी आधी काढून टाका. ती आप्पांची नाही, शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींची आहे. त्या वयाचं निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं असतं. तुमच्या आजीनं ‘पोलीस ॲक्शन झाल्यावर दुसऱ्या साली’ असं काही म्हटलेलं आईला आठवत असेल, तर ते लिहा. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं, त्याच्या मागं-पुढं जन्मलेल्या माणसाला तीच तारीख शोभते. पुढंही तसंच चला. बहात्तरच्या दुष्काळात आप्पा बावीस वर्षांचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते का? परदेशातनं आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीला काय म्हणायचे? लग्न त्याच्या आधीचं का नंतरचं? अमुक गोष्ट भूकंपाच्या आधी का मागून? आणि म्हातारपणातलं काही असेल तर, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्याच्या, म्हणजे २०१६ च्या, अलीकडं का पलीकडं? असं विचारलं की आईंना सगळं ओळीनं सांगता येईल बघा.

कागदही बोलतात. दादाला जुने सातबारे आणि फेरफार काढायला सांगा, तो लातूरला आहे, त्याला तेवढं काम द्या. ‘इतर हक्क’ म्हणून जो रकाना असतो त्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा कधी चढला आणि कधी उतरला हे दिसेल. दादाची बारावी, तुमचं लग्न, घरावरचे पत्रे यांच्या तारखा त्या बोज्याशी जुळवून बघा. ‘दोन्ही लेकरांची शिक्षणं, लग्नं केली’ हे वाक्य किती वर्षं व्याज भरत होतं ते कळेल. गावात फाट्यावर चहाचं हॉटेल असेल तर त्याच्याकडं जा. डबा एसटीत दिल्यावर आप्पा लगेच माघारी फिरायचे का गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबायचे, हे तुमच्या घरात कुणालाच माहीत नाही. त्याला असेल.

‘बाहेर कुठं बसणं नाही’ म्हणता, पण येळवसला काय करायचे? औशाकडं दर्शवेळा अमावास्येला वाटसरूलासुद्धा बळंच शेतात ओढून जेवायला घालतात. भज्जी, उंडे, आंबिल पोटाला तडस लागेपर्यंत. कडब्याच्या कोपीभोवती आंबिल शिंपत ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत आप्पाच फिरत असणार. त्यांचा आवाज कसा लागायचा? यंदा वर्षश्राद्धानंतर महिना-दोन महिन्यांत येळवस आहे. ते कोण म्हणणार, हे ठरलंय का?

आता डब्याचं.

लिहा. मी दादाच्या बाजूनं नाही. पण कसं लिहायचं, ते जपून ऐका.

तुमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको, पण नातवंडांसाठी दोन ओळी घाला : त्या वर्षांत लातूर पॅटर्नचं, म्हणजे तिथल्या कॉलेजांतल्या कसून अभ्यासाचं, नाव गाजत होतं, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं दिसायची, आणि चहूबाजूच्या खेड्यांतनं सकाळच्या एसट्यांत पोरांचे डबे लातूरला यायचे. स्टँडवर पोरं आपापला डबा उतरवून घ्यायला उभी असायची. मेसचे पैसे वाचावेत आणि लेकराच्या पोटात घरची भाकरी जावी, असा तो हिशोब. ह्या हिशोबात एक बाप दोन किलोमीटर चालतो. तो चालतो हे सगळ्यांना दिसतं, कारण तो रस्त्यानं चालतो. पहाटे साडेचारला चुलीपुढं बसलेली आई आणि बारा-तेरा वर्षांची पोरगी कुणाला दिसत नाही. म्हणून पहिल्यांदा तेच लिहा. डबा तिघांनी पोचवला. आप्पांचं त्यानं काही कमी होत नाही, उलट घर सांभाळण्यात कुणाकुणाचे हात होते तेही त्या पानावर येईल. आईंचं नाव तर तुमच्या सहा वाक्यांत एकदाही नाही, लक्षात आलं का?

मग दहावीचं. एक वाक्य, दोन वाक्यं, जास्त नको. मार्क किती पडले, आप्पा काय म्हणाले, तुम्ही मग काय केलंत. ‘पोरीला रूमवर कसं ठेवावं?’ हे त्यांच्याच शब्दांत ठेवा. त्याला जुन्या विचारांचे वगैरे म्हणू नका, आणि ‘त्या काळी तसंच होतं’ म्हणून झाकूही नका. त्या काळीही काही बापांनी पोरींना लातूरला ठेवलं होतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण भीती खोटी नव्हती आणि पोरीचं काही बरं-वाईट झालं तर गाव कुणाला बोलणार हेही त्यांना माहीत होतं. ह्यातलं किती काळजीचं आणि किती कमी लेखण्याचं, हे तुम्हाला आज ठरवता येणार नाही. आप्पांनाही कदाचित सांगता आलं नसतं. नाही ठरलं तर नाही ठरलं. घडलं ते मांडा.

त्याच्या खाली पिंपरीचे तीन महिने. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या वयात, आयुष्यभर मोकळ्या शेतात वावरलेला माणूस तुमच्या फ्लॅटमध्ये राहिला आणि रोज नातीबरोबर क्लासला गेला. कसे जायचे, चालत का रिक्षानं? क्लास सुटेपर्यंत कुठं बसायचे? तुमच्या लेकीला विचारा, ती तासन्‌तास सांगेल. फक्त त्याला ‘प्रायश्चित्त’ म्हणू नका. तो शब्द तुमच्या पेनातनं यायला टपलेला असणार, मला इथनं दिसतोय. त्यांनी तसं काही म्हटलं होतं का तुम्हाला? नाही ना. मग ते तुमच्या मनातलं झालं. एका गोष्टीनं दुसरी पुसली जात नाही. दोन्ही एकाखाली एक राहू द्या, मध्ये ‘पण’ सुद्धा नको.

दादा ऐकत नसेल तर त्याला पैठण दाखवा. वर्षश्राद्धाचा कीर्तनकार एकनाथ महाराजांचं उदाहरण देणारच. संसार करून परमार्थ साधला म्हणून घरसंसारी माणूस गेला की मराठवाड्यात नाथांना आणतातच, आणि आणावंही. पण नाथांच्या घरात सगळं गोडच होतं असं आपल्या परंपरेनं कधी सांगितलं नाही. पोटचा मुलगा, हरिपंडित, वडील मराठीत पुराण सांगतात हे न पटून काशीला निघून गेला आणि नाथ स्वतः जाऊन, त्याच्या अटी मान्य करून त्याला माघारी घेऊन आले, ही कथा कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. चारशे वर्षांत कुणी म्हटलं नाही की गेलेल्या माणसाचं कशाला काढता. कीर्तनकारबुवांना आधी फोन करून ही कथा लावायला सांगितली तर दादा तुमच्याशी भांडायच्या आधी समोर बसून ऐकेल.

तरी तो अडून बसला, तर स्मरणिकेसाठी भांडण करू नका. वर्षश्राद्धाला बहीण-भाऊ एकमेकांशी न बोलता पंगतीत वाढताना दिसले तर गावाला महिनाभर तोच विषय पुरेल. त्याच्यासाठी माळवदाचं पान द्या, पहाटेच्या भाकरीसकट. आणि पूर्ण लिहिलेलं तुमच्या लेकीकडं ठेवा. मात्र अर्धवट छापण्यासाठी आधीच अर्धवट लिहू नका. लिहिताना सगळं लिहा, छापायचं किती ते मागनं.

श्राद्ध तिथीनं असतं, तारखेनं नाही, तेव्हा नेमका दिवस गुरुजींना विचारून घ्या आणि प्रेसवाल्याला त्याच्या आठ दिवस आधी मजकूर द्या. पण त्याच्याही आधी आईंना वाचून दाखवा. मध्येच थांबवून ‘तसं न्हवतं गं’ म्हणाल्या, तर पेन काढा. माझ्या आईनं लेख ऐकून घेतला तेव्हा तो छापून झाला होता.

आणि गावाकडं गेलात की मांडणीवरचा तो डबा खाली काढा. झाकणावर नाव दादाचं आहे हे तुम्ही लिहिलंत. ते खिळ्यानं टोचलं कुणी, हे लिहिलं नाही. सातवी शिकलेल्या आप्पांचं अक्षर आहे का ते? का तुम्हालाच बसवलं होतं टोचायला?